पानं किती?

लाईट गेली की आमच्या घरात युद्ध सुरू होतं. सगळीकडे काळोख, आणि सोप्यात माझ्या भाच्याच्या, ओंकारच्या मोबाईलचा तेवढा निळा उजेड. त्या उजेडात डावीकडे एका देशाचा झेंडा, उजवीकडे दुसऱ्याचा, आणि मधून आकडे वर चढत जातात. खडं सैन्य इतकं. राखीव इतकं. रणगाडे, तोफा, विमानं, पाणबुड्या. मागं ढोल बडवल्यासारखं संगीत. ज्याचा आकडा मोठा त्याचा रकाना हिरवा होतो, दुसऱ्याचा लाल. शेवटी एक झेंडा फडफडतो आणि ओंकार समाधानानं पुढचा व्हिडिओ लावतो. भारत-चीन झालं की रशिया-युक्रेन, ते झालं की दुसरं महायुद्ध. सिकंदर विरुद्ध चंगेजखान असंसुद्धा कुणीतरी करून ठेवलंय.

पोरगा एकोणीस वर्षांचा आहे. भरतीची तयारी करतोय. पहाटे साडेचारला उठून कोरेगाव रोडला पळतो. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारायचे, हे त्याच्या डोक्यात इतकं बसलंय की पोवई नाक्यावरनं भाजी आणायला पाठवलं तरी घड्याळ लावून जातो. साताऱ्यात अशी पोरं रस्त्यारस्त्याला दिसतात. अंधारात नुसती बुटांची धपधप ऐकू येते, मग माणूस.

परवा त्यानं व्हिडिओ थांबवून आबांना विचारलं, "आजोबा, तुम्ही सांगा. कोण जिंकंल?"

आबांना पडदा नीट दिसत नाही. त्यांनी कानानंच सगळे आकडे ऐकले होते. म्हणाले, "पानं किती?"

"कसली पानं?"

"जेवायला, मर्दा. हिकडच्या बाजूला जेवायला किती, तिकडच्या बाजूला किती?"

"ते नसतं यात आजोबा."

"मग बघतोयस काय?" असं म्हणून ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. लाईट आली. ओंकारनं माझ्याकडं बघून डोळे फिरवले. मीही फिरवले असते, पण साठीला आलेल्या बाईला ते शोभत नाही.

आबा माझे वडील. एक्क्याऐंशी वर्षांचे. बावीस वर्षं फौजेत काढली, ती सगळी एएससीत, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. गावाच्या भाषेत 'सप्लाय'. आटा, डाळ, रॉकेल, डिझेल, खेचरांची चंदी. हवालदार म्हणून पेन्शनीत आले आणि तेव्हापासून गावानं त्यांचा एकच उपयोग केला: पंगतीचा अंदाज. मांडव घालायच्या आधी लोक येऊन ओसरीवर बसतात. "आबा, पत्रिका पाचशे वाटल्यात." आबा पत्रिकेकडं बघतही नाहीत. मुहूर्त किती वाजताचा? त्या दिवशी गावात दुसरं लग्न हाय का? सुगी चाललीय का? पाहुण्यांचं गाव एसटीच्या रस्त्यावर का आत? मग जरा वेळ गप्प बसून म्हणतात, साडेसातशे पानं उठतील. आणि प्रत्येक वेळी वर एक वाक्य असतंच: आचारी, वाढपी, बँडवाले, गाडीवाले धरलेत का? त्यांची पानं आधी मोजा, ती उपाशी राहिली तर बाकीच्यांना वाढणार कोण?

हे आता कौतुकानं सांगतेय. लहानपणी मला आबांच्या नोकरीची लाज वाटायची. आमचा जिल्हा असा की घरटी एक फौजी. साताऱ्याहून कराडच्या अंगाला अपशिंगे आहे, त्याच्या नावातच 'मिलिटरी' आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले असं सांगतात. अशा मुलखात वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांच्या मांडीत गोळी होती. ते चावडीपुढं बसून धोतर जरा वर सरकवून ती खूण दाखवायचे. माझ्या वडिलांनी दाखवायचं काय? तागाची पोती उचलून खांद्याला पडलेला घट्टा?

सातवीत 'माझे वडील' या निबंधात मी सरळ लिहिलं की माझे वडील रणगाडा चालवतात. गुरुजींना ते इतकं आवडलं की आबा सुट्टीवर आले होते तेव्हा २६ जानेवारीला त्यांना शाळेत भाषणाला बोलावलं. आबांना निबंधाचा पत्ता नव्हता. ते उभे राहिले आणि बटाट्यावर बोलले. हजार जवानांना रोज किती बटाटा लागतो, साल काढल्यावर वजन किती घटतं, थंडीच्या जागी तो गोठून काळा पडतो तेव्हा काय करायचं, ओला बटाटा आणि सुका बटाटा यात ट्रक किती वाचतात. पोरं खुदुखुदू हसत होती. मी मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "रणगाड्यात डिझेल कोण घालतं, ते लिहिलंवतंस का?" म्हणजे गुरुजींनी सांगितलं होतं तर.

मी पुढं बँकेत लागले आणि बरीच वर्षं कॅशला बसले. मोजण्याचा धंदा वडिलांकडून आला म्हणायचा. निवृत्तीनंतर वाचायला लागले, आणि मराठी माणसाचं इतिहासवाचन सुरू होतं तिथंच माझंही झालं. पानिपत.

आपण सगळे पानिपताचा तोच व्हिडिओ मनातल्या मनात लावून बसलेलो असतो. डावीकडं भाऊसाहेब, उजवीकडं अब्दाली. आकडे कुठले? अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूनं होता, त्याच्या पदरी असलेला काशिराज पंडित लढाईच्या वेळी पलीकडच्या छावणीत हजर होता. त्यानं दिलेले आकडे असे: मराठ्यांकडं ५५ हजार घोडदळ, १५ हजार पायदळ, २०० तोफा. अब्दाली आणि त्याच्या हिंदुस्थानी दोस्तांकडं ४१,८०० घोडदळ, ३८ हजार पायदळ, तोफा सत्तर-ऐंशी. माझ्या कॅशियरच्या बोटांनी लगेच बेरीज केली: ७० हजार आणि ७९,८००. घोड्यांत आपण पुढं, तोफांत तर कितीतरी पुढं, पायदळात मागं. नंतर इतिहासकार यदुनाथ सरकारांनी कागद तपासून मराठे ४५ हजार आणि अब्दाली ६० हजार असा हिशेब मांडला. ओंकारच्या व्हिडिओत टाकलं तर रकाने कधी हिरवे होतील, कधी लाल, कुणाचं पुस्तक समोर आहे त्यावर.

पण आबांचा प्रश्न घेऊन परत त्या छावणीत गेले, तेव्हा पहिल्यांदा एक शब्द नीट दिसला. बुणगे. बाजारबुणगे. मराठीत ती शिवीच झाली आहे. कोण होते हे लोक? घोड्यांची खिजमत करणारे, भिस्ती, लोहार, तंबू ठोकणारे, धान्य विकणारे बाजारकरी, सरदारांच्या बायका आणि त्यांच्या दासी, फौजेच्या आधारानं उत्तरेतली तीर्थं करून यावीत म्हणून निघालेले यात्रेकरू. मोजणाऱ्याप्रमाणं संख्या बदलते, पण लढणाऱ्यांहून ते कितीतरी जास्त होते यावर फारसा वाद नाही. यातले यात्रेकरू सोडले तर बाकीचे माझ्या वडिलांच्या खात्यातले. आचारी, वाढपी, बँडवाले.

अशी छावणी ऑक्टोबर १७६०च्या अखेरीला पानिपतात येऊन बसली. त्याआधी १७ ऑक्टोबरला कुंजपुऱ्याचा किल्ला जिंकला होता आणि तिथं अब्दालीसाठी साठवलेलं धान्य हाती लागलं होतं. त्या आठवड्यापुरतं पाहिलं तर सगळं पारडं आपल्याकडं. मग अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांच्या व दिल्लीच्या मधे येऊन बसला. म्हणजे दक्षिणेचा रस्ता, पैशाचा रस्ता, धान्याचा रस्ता त्याच्या अंगणातून जायला लागला. त्याच्या पाठीशी रोहिल्यांचा सरदार नजीबखान आणि त्याचा रोहिलखंड होता, यमुनेपलीकडचा सुपीक मुलूख होता. भाऊंनाही हे कळत होतं. मराठ्यांचे उत्तरेतले कारभारी गोविंदपंत बुंदेले, त्यांना भाऊंनी गंगा-यमुनेमधल्या दुआबात त्याचसाठी ठेवलं होतं की अब्दालीचं धान्य तोडा. पंतांनी तोडलंही, पलीकडं महागाई झाली. डिसेंबरात अब्दालीचा सरदार अताईखान, त्याच्या अचानक आलेल्या घोडेस्वारांनी पंतांना गाठून मारलं. आपण या अडीच महिन्यांना 'कोंडी' म्हणतो आणि पुढच्या पानावर लढाईकडं धावतो. मला आता तीच खरी लढाई वाटते. दोघेही एकमेकांच्या ताटात हात घालत होते.

घोड्यांचं बघा. नोव्हेंबरात मोजलेला घोडा डिसेंबरात चारा नसल्यानं खाली बसला, जानेवारीत मेला किंवा उभा राहिला तरी दौडायच्या लायक उरला नाही. कागदावर ५५ हजार घोडदळ तसंच राहिलं. मैदानात त्यातले किती स्वार पायी उतरले असतील? ज्या रकान्यात आपण हिरवे होतो तोच रकाना आपल्याला सगळ्यात जास्त खात होता, हे मला पन्नास वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. माणूस अर्ध्या भाकरीवर चार दिवस काढतो आणि वर गाणंही म्हणतो. घोड्याला असं समजावता येत नाही.

शेवटी लोक भाऊंच्या डेऱ्यापुढं आले, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणाले, असं काशिराज सांगतो. उरलंसुरलं धान्य रात्री शिजवलं आणि १४ जानेवारी १७६१ला सकाळी फौज बाहेर पडली. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. इब्राहीमखान गारद्यानं रोहिल्यांची फळी फोडली, विश्वासरावांना गोळी लागली, अब्दालीनं राखून ठेवलेली ताजी माणसं ऐन वेळी घातली. ताजी म्हणजे जेवलेली, असं आबा मध्येच म्हणाले. मी त्यांना हे वाचून दाखवत होते.

नानासाहेब पेशव्यांना ही बातमी कळली ती एका सावकाराच्या चिठ्ठीतून. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ, मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे चिल्लर. मी काउंटरवर बसून वर्षानुवर्षं चिल्लर मोजली आहे, म्हणून हे वाक्य माझ्या वर्मी लागतं. नोटेचा हिशेब एका पैशानं चुकला तर रात्री नऊपर्यंत बसवतात. चिल्लरीची थैली मात्र वजनानं अंदाजे घेतात आणि बाजूला ठेवतात. ही चिठ्ठी इंग्रजीत गेली ती मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या पुस्तकातून, आणि तो डफ १८१८ ते १८२२ इथंच, साताऱ्यात, प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी रेसिडेंट होता. त्याच्या टेबलावर ती 'खुर्दा'ची ओळ आली तेव्हा त्यानं खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडं पाहिलं असेल का, असं मला उगाच वाटतं. त्याच किल्ल्याच्या छायेत, पानिपतनंतर अकरा महिन्यांनी, डिसेंबर १७६१मध्ये म्हातारी ताराबाई वारली. पेशव्यांवर तिचा दात होता. पण खुर्द्यातली पोरं तिच्याही मुलखातली होती.

इथं एक तिरपी गोष्ट सांगून टाकते. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या आपल्याच फौजेच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं एक पत्र आहे. कुणब्यांचे दाणे, भाकरी, भाजी आणू नका म्हणून ते सगळ्यांना माहीत असतं. मला त्यातला बाकीचा भाग जास्त आवडतो. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणा-गवत आताच उधळलंत तर पुढं घोडी उपाशी मरतील आणि मारणारे तुम्ही. रात्री दिवे उघडे ठेवू नका, उंदीर जळती वात पळवील, गवताच्या गंजीला आग लागेल. छत्रपती होऊ घातलेला माणूस उंदराची आणि वातीची काळजी करतोय. आबांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते उठून बसले. "ह्यो माणूस सप्लायचा," म्हणाले. यापेक्षा मोठी पदवी त्यांच्याकडं नाही.

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक दगड आहे. इंग्रजांनी अशी पाटी गावोगाव बसवली. मजकूर सगळीकडं एकच: या गावातून इतके लोक १९१४-१९च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नावं नाहीत, दोन आकडे. आमच्या दगडावर इतक्या दिवाळ्यांचा चुना आणि नंतर ऑईलपेंट बसलाय की दुसरा आकडा तीन आहे का आठ, ते बोटानंही लागत नाही. माझी आजी म्हणायची, आपल्यातला एक बसऱ्याला गेला. आमच्या घरात वस्तू हरवली की अजून म्हणतात, गेली बसऱ्याला.

बसरा म्हणजे इराकातलं बंदर, तो मुलूख तेव्हा तुर्कांचा. त्याच्या वरच्या अंगाला कूट आहे. कूट-अल-अमारा, तैग्रिस नदीच्या वळणातलं गाव. १९१५मध्ये टाउनशेंड नावाचा इंग्रज जनरल सहावी पुणे डिव्हिजन घेऊन त्या नदीनं वर बगदादकडं निघाला. त्याच्यात तीन मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. यातली १०३ म्हणजे आजची पहिली मराठा, जंगी पलटण. नोव्हेंबरात सलमान पाकपाशी तुर्कांशी गाठ पडली. हे अकरा-बारा हजार, ते अंदाजापेक्षा बरेच जास्त. मराठ्यांसकट सगळ्यांनी पहिली फळी घेतली. ती राखायला माणसं उरली नव्हती, पाणी नव्हतं, जखमींना न्यायला बोटी नव्हत्या. त्या सगळ्या मोहिमेत बोटींची जी बोंब होती तिच्यावर नंतर चौकशी आयोग बसला आणि १९१७मध्ये भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. जखमी शिपाई उघड्या बार्जवर, स्वतःच्याच घाणीत, दिवसेंदिवस पडून खाली येत होते. साडेचार हजारांवर माणूस गमावून डिव्हिजन मागं फिरली आणि डिसेंबरात कूटमध्ये कोंडली गेली.

आता आबांचा प्रश्न. कूटमध्ये पानं किती? लढणारे साडेअकरा हजारांच्या आसपास. त्यांच्याबरोबरचे नोकरचाकर साडेतीन हजार. आणि गावातले अरब रहिवासी सहा हजारांच्या घरात, त्यांना बाहेर काढलं नाही. टाउनशेंडनं सुरुवातीला वर कळवलं ते साधारण महिना-दोन महिन्यांच्या शिध्याचं. तो आकडा ऐकून खालून सोडवायला निघालेल्या फौजेला घाई झाली. पुरी जमवाजमव न करता, तोफा आणि दवाखाने मागं ठेवून, जानेवारीच्या चिखलात तुर्कांच्या खंदकांवर समोरून हल्ले केले. शेख साद, वादी, हन्ना. हजारोंनी पडले. आणि जानेवारी संपताना कूटमध्ये घरोघर झडती घेतल्यावर धान्याच्या कणग्या सापडल्या, जनावरांचं मांस धरलं, आणि टाउनशेंडनं नवा आकडा कळवला: अजून ८४ दिवस निघतील.

मी हे वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बसून राहिले. शत्रूची संख्या चुकली तर माणूस म्हणतो, त्यानं लपवली असेल. इथं स्वतःच्या कोठारातलं धान्य मोजायचं राहिलं होतं. आमच्याकडं दुपारी कॅश जुळली नाही की हेड कॅशियर सांगायचे, बाहेर शोधू नका, आधी आपला ड्रॉवर उपसा.

तरी पुढं उपासमार आलीच. धान्य होतं ते जव, आणि ते दळायला जाती पुरेनात. तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकले. जगाच्या इतिहासात वेढ्यातल्या फौजेला आकाशातून रसद टाकायची ही सुरुवातीची वेळ, आणि तिच्यात जात्याची तळी होती, हे मला फार जवळचं वाटतं. घोडे मारून खायला दिले. गोऱ्यांनी खाल्ले. हिंदी शिपायांनी कितीतरी आठवडे नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या तरी नाही. यात नुसता धर्म नसावा. परत गेल्यावर गावात कळलं तर पंगतीला कोण बसवून घेईल, पोरींची सोयरीक कोण करील, ही धास्ती असावी. कुणाच्या पानाला कोण बसतं यावर ज्यांचं सगळं जग उभं, त्यांना तारेनं काय समजणार?

२९ एप्रिल १९१६ला, १४७ दिवसांनी, सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. त्याआधी तुर्कांना २० लाख पौंड देऊ केले होते, त्यांनी घेतले नाहीत. या तेरा हजारांना सोडवायला गेलेल्या फौजेत २३ हजारांच्या आसपास मेले-जखमी झाले होते. ही वजाबाकी मी दोनदा करून पाहिली. कैद्यांतले चार हजारांहून जास्त वाळवंटातल्या चालीत आणि रास अल-ऐनच्या रेल्वेकामावर मेले. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात होता.

बसऱ्याला नंतर मोठं स्मारक झालं, ४० हजारांवर मृतांचं. अधिकाऱ्यांची नावं दगडात कोरली. हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा. मोती, मोहरा, खुर्दा.

आबांचं युद्ध १९७१चं. ते त्याबद्दल बोलत नसत, बोलले तर धर्मनगरबद्दल. त्रिपुरात आगगाडी तिथं संपायची, तीही मीटरगेज. पुढं आगरतळ्याकडं डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, त्यावर पावसाळ्यात दरडी. त्या एका दोरीवरून एका कोअरचं सगळं सामान जायचं होतं. त्याच वेळी सीमेपलीकडून माणसं येत होती, सुमारे एक कोटी निर्वासित. आबा म्हणतात, डिसेंबरात लोकांनी युद्ध सुरू झालं म्हणून सांगितलं तेव्हा आम्हाला हसू आलं. आमचं पावसाळ्यातच सुरू झालं होतं.

ढाक्याचा आकडा ओंकारला पाठ आहे: ९३ हजार कैदी. मी त्याला म्हटलं, त्यात पाकिस्तानी लष्कराचे ५५-५६ हजार. बाकीचे निमलष्करी, पोलीस, सरकारी नोकर, त्यांची बायकापोरं. तो जरा हिरमुसला. मग मी दुसरा आकडा दिला. आपल्या पूर्व कमांडचे तेव्हाचे जनरल जेकब यांनी पुढं लिहिलंय की शरणागतीच्या वेळी पाकिस्तानी सेनापती नियाझीकडं ढाक्यात २६,४०० सैनिक होते आणि ढाक्याबाहेर आपले सुमारे तीन हजार. तेव्हा त्याचे डोळे चमकले. "म्हणजे आकड्यात आपण हरत होतो?"

"आकड्यात," आबा म्हणाले.

आणि मग जिंकल्यावर काय, तर ९३ हजार पानं वाढली. आबांची बदली रांचीच्या कॅम्पला झाली, कैद्यांच्या रसदीवर. गावात लोक म्हणायचे, आपल्या पोरांना मारलेल्यांना काय आटा घालताय? आबांकडं याला उत्तर नव्हतं. कधी म्हणायचे जिनिव्हाचा कायदा आहे, कधी म्हणायचे कागदावर सही माझी आहे, पोतं कमी भरलं तर चोर मी. ते कैदी १९७४पर्यंत परत गेले. एकदाच, दारू थोडी झालेली असताना, ते म्हणाले की मोजायला उभं राहिलं की पहिले आठ दिवस दुश्मन दिसतो, मग नुसत्या थाळ्या दिसायला लागतात. पुढं काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, मी असलं बोललोच नाही.

त्यांचं सगळं ऐकावं असंही नाही. मिसाईल, ड्रोन यांना ते 'दिवाळी' म्हणतात आणि ओंकार चिडतो ते बरोबरच आहे. ज्याच्या डोक्यावरनं ड्रोन गेलंय त्याला विचारा. आता रसदीचा ट्रकही आकाशातून दिसतो, ही आबांच्या विद्येवरच घातलेली कुऱ्हाड आहे, पण ते मान्य करायला तयार नाहीत.

गेल्या महिन्यात ओंकारची भरती कोल्हापूरला होती. पोरं रात्रीच्या एसटीनं जातात, स्टँडवर नाही तर मैदानाच्या कुंपणाला टेकून पहाट काढतात. मी दशम्या करायला बसले. शेंगदाण्याची चटणी कुटून झाली होती.

"कितीजण चाललाय?" आबांनी विचारलं.

"सातजण."

आबा माझ्याकडं वळले. "दहाचं बांध."

"आबा, सातजण आहेत म्हणतोय ना तो."

"तिथं लांबनं आलेली असत्यात. काही नसतं जवळ. दहाचं बांध."

बांधलं. माणशी तीन धरून तीस दशम्या, दोन फडक्यांत. रात्री साडेदहाला तो गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला तो मातीनं भरलेला, एका पायाचं नख काळंनिळं. बूट काढत होता. पळण्याचं काय झालं ते विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आबाच आतून म्हणाले, "पुरल्या का रं?"

"नाही पुरल्या. बाराजण झालो. दोघं जतचे होते, तीन सोलापूरचे."

आबा थोडा वेळ गप्प होते. बोटं मांडीवर हलत होती.

"मग माझंच चुकलं," ते म्हणाले.